लोकर पेटत नाही

सून पेटली तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. सकाळची वेळ, पौषातली थंडी. मुलाला कुरकुंभच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचं होतं, त्याच्या डब्याची घाई होती. मी भाकरी थापत होते, ती भाजत होती. चुलीमागच्या वैलावरचं कालवण हलवायला ती चुलीवरून वाकली आणि तिच्या स्वेटरची लांब बाही चुलीच्या तोंडात गेली. बाहीला जाळ लागलेला मला दिसला, तरी मी तशीच बसून राहिले. लोकर पेटत नाही हे मला माहीत होतं. लोकरीवर निखारा पडला तर ती तेवढ्यापुरती करपते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि जागीच विझते. मी बाही विझण्याची वाट बघत होते.

ती विझली नाही. जाळ मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून काखेत गेला. स्वेटर जळता जळता पातळ होऊन गळायला लागला, काकवी गळते तसा. सून ओरडली नाही. ती उठून अंगणात पळाली आणि वाऱ्यानं जाळ मानेपर्यंत चढला. मी पिठाच्या हातानं तिच्या दंडावर थापा मारल्या तर ते पातळ झालेलं माझ्या तळव्याला चिकटलं आणि निघेना. मग मी बाजेवरची घोंगडी ओढली, तिच्या अंगावर टाकली, तिला खाली पाडलं आणि तिच्या उरावर बसले. जाळ विझला. घोंगडीला काहीही झालं नव्हतं.

इथपर्यंत केलं ते बरोबर होतं. त्यानंतर मी चूक केली. स्वेटर अजून धुमसत होता म्हणून मी तो डोक्यातून ओढून काढायला गेले. त्याला गुंड्या नव्हत्या. बाहीबरोबर कातडी आली. तेव्हा ती ओरडली. मुलगा मोरीतून ओल्या अंगानं धावत आला आणि त्यानं आम्हा दोघींना तसं पाहिलं. ती खाली पडलेली, आणि मी तिच्यावर, हातात तो स्वेटर.

तो स्वेटर मी घेतला होता. घेताना जेवढा विचार करायचा तेवढा केला होता, तेही सांगते.

आम्ही मेंढरांवाले. आमची वस्ती दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. सासरे होते तोवर दिवाळी झाली की कळप घेऊन घरची माणसं कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली. माझं माहेर नदीपलीकडं, मांडवगण फराट्याला. तिथं मी चौथीपर्यंत शाळेत गेले. शाळेत काय शिकले ते थोडं आठवतं, पण लोकर मला डोळे झाकून ओळखता यायची. कातरलेली लोकर कोणत्या मेंढीची, पहिल्या कातरणीची की दुसऱ्या, पावसात भिजलेली की कोरडी, हे मी हातावरून आणि वासावरून सांगायची. घोंगडी पांघरून आमची माणसं जाळात पाय घातल्यासारखी बसायची. एकदा तळावर गवताच्या भाऱ्याला आग लागली तेव्हा सासऱ्यांनी दोन घोंगड्या टाकूनच ती विझवली होती. लोकर पेटत नाही हे आमच्याकडं कोणी शिकवत नाही. पाणी ओलं असतं हे कोणी शिकवतं का?

सून कासुर्डीची. रोडवरचं गाव, यवतच्या पलीकडं. आठवी शिकलेली. तिकडची थंडी वेगळी. आमच्याकडं नदी आणि चारी बाजूंनी भिजलेला ऊस, सकाळी गारठा जमिनीतूनच वर येतो. पहिल्या हिवाळ्यात तिनं दोन झंपर एकावर एक घातले. घोंगडी दिली तर घेईना.

"आत्या, टोचती."

"टोचती म्हंजी जित्ती हाय ती."

"आन् वास येतो."

"तुझ्या सासऱ्याच्या बापाचा वास हाय तो. येऊ दे."

तिला ते आवडलं नाही. घोंगडी घेऊन रोडवरच्या मैत्रिणींपुढं जायची तिला लाज वाटायची, ते तोंडावर दिसायचं. आमचं दोघींचं फार जमत नव्हतं. भांडण नव्हतं, पण जमत नव्हतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिला खोकला झाला तो जाईना. मुलगा म्हणाला, स्वेटर घेऊन या. नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. मुलगा कारखान्यात नुकताच कायम झाला होता, तरी हात आखडूनच घ्यायचं होतं.

दौंडला स्टेशनसमोर रस्त्याच्या कडेनं दिवाळीनंतर स्वेटरवाले बसतात. तेव्हाही बसायचे. दोरीवर स्वेटर टांगलेले, खाली ताडपत्रीवर ढीग. लोक त्यांना नेपाळी म्हणायचे, ते कुठले होते ते मी विचारलं नाही. ढिगामागं एक बाई बसली होती, गोल चेहऱ्याची, माझ्याच वयाची असेल. तिनं एक स्वेटर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ऊन है माँजी, असली ऊन."

मी म्हणाले, "ऊन वर पडलंय, ते दिसतंय मला. हे काय हाय ते सांग."

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आत्या, हिंदीत लोकरीला ऊन म्हंत्यात."

"लोकर हाय व्हय?" मी बाईला विचारलं.

"हाँ हाँ, लोकर. लोकर ही है." तिला तो शब्द येत होता. तिथं दहा वर्षं बसत असेल तर येणारच.

मी स्वेटर नाकाला लावला. वासच नव्हता. नवीन कापडाचा असतो तसा काहीतरी होता, पण मेंढराचा नव्हता. हाताला मऊ लागला, फारच मऊ. तळहातावर घासला तर लोकरीला जो एक काटा असतो तो नव्हता. मी बाईला म्हणाले, वास कसा नाही?

"धोके लाते हैं माँजी. आपको बकरी का वास चाहिए क्या?"

बाजूची गिऱ्हाइकं हसली. मी म्हणाले, "बकरीची न्हाई गं बाई, मेंढीची. ती ओळखता येत न्हाई आन् स्वेटर इकायला बसलीस." मग तीही हसली. मला जिंकल्यासारखं झालं आणि तिथंच मी फसले. माझा हात सांगत होता की ही लोकर नव्हे. पण ती बाई लोकर म्हणाली, सून लोकर म्हणाली, बाजूचा एक माणूसही म्हणाला की कारखान्यात धुतात म्हणून मऊ होते. मला वाटलं, असेल. जग पुढं गेलं असेल.

सुनेनं राणी रंगाचा काढला होता, पुढून गुंड्यांचा, अंगाबरोबर बसणारा. मी तो परत ठेवला. गुंड्यांच्या फटीतून वारं शिरतं, एक गुंडी तुटली की स्वेटर वाया, आणि गुंड्यांचा महाग होता. मी डोक्यातून घालायचा घेतला, तपकिरी, मळखाऊ. आणि दोन मापं मोठा.

"आत्या, बाह्या लांब व्हत्यात."

"दुमडायच्या. पुढंमागं पोटुशी राहिलीस की लागंल, तवा काय दुसरा घेयाचा?"

हे मी चारचौघांत बोलले. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा रंगाबद्दल काही बोलली नाही.

स्वेटर ऊबदार होता. तिचा खोकला गेला. पहिले काही दिवस ती चुलीपासून लांब बसायची, हात लांब करून भाकरी उलटायची. मला ते बघून राग यायचा. भाकरी करपायच्या. मी म्हणायची, "सर की पुढं. काय चूल खाती का तुला? लोकर पेटत न्हाई." मार्गशीर्षभर हे मी म्हणत होते. ती थोडी थोडी पुढं सरत गेली. दुमडलेल्या बाह्या कामात उलगडायच्या.

वस्तीवरच्या एकाच्या जीपमधून तिला आधी दौंडला नेलं, तिथून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात. उजवा हात, काख, मान आणि पाठीचा थोडा भाग. डॉक्टर म्हणाले, जीव जाईल इतकं नाही, पण जीव राहील असंही आज सांगता येत नाही. जखमेत घाण शिरली नाही तर राहील. तीन आठवडे काढायला हवेत.

माझ्या तळव्याला पट्टी बांधली आणि मला सांगितलं, बाकावर बसा. मला बसवेना. मी बाकापासून फाटकापर्यंत जायची, परत यायची. चहाच्या टपरीवर उभी राहायची आणि चहा न घेता परत यायची. एका शिपायानं विचारलं, म्हातारे, काय हरवलंय? मी म्हणाले, काही नाही.

संध्याकाळी मुलगा बाहेर आला. मला फाटकाशी घेऊन गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, रस्त्याकडं बघत बोलला.

"आई, तू काय बोलली व्हतीस का तिला?"

"बोलले व्हते."

"काय?"

"पुढं सर म्हनले व्हते."

 त्याला दुसरंच विचारायचं होतं, हे मला कळलं. मी म्हणाले, "इचार की. तोंडात आलंय ते इचार." त्यानं विचारलं नाही. डबा न घेता कामाला गेलेला माणूस असतो तसा तो दिसत होता. मी त्याला रागावले नाही. सून चुलीपाशी भाजली, मूल नाही, सासू जवळ होती. एवढं ऐकलं की पुढचं लोक आपणच लावतात. दुसऱ्या एका घराबद्दल मीही तसं लावलं होतं आणि विहिरीवर चार बायकांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहीण आली. तिनं लेकीला बघितलं, बाहेर आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"रॉकेल वतलं का काडी नुसतीच लावली?"

"स्वेटर पेटला."

"स्वेटरनं कुनी जळतं व्हय? लोकर पेटती व्हय कवा? तुमी मेंढरावाल्या, तुमी मला शिकवताय?"

 ती माझंच बोलणं बोलत होती.

"हितनं हला," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या डोळ्यापुढं येऊ नका."

मी दारापासून लांब झाले, पण गेले नाही. तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला एक साहेब आणि एक हवालदार आले. सगळ्यांना बाहेर काढलं. दार लागत नव्हतं, ते किलकिलंच राहायचं. विहीण आणि मी, दोघी त्या फटीच्या दोन बाजूंना उभ्या होतो.

साहेबांनी विचारलं, कोणी पेटवलं?

"कुनी न्हाई. बाही चुलीत गेली."

"सासूचं आणि तुमचं जमत होतं का?"

"न्हाई."

विहिणीच्या बांगड्या वाजल्या. 

"मग?"

"मग काय? जमत न्हाई म्हनून जाळतंय व्हय कुनी? जमत न्हाई ते लई जनींचं जमत न्हाई."

"पेटल्यावर सासूनं काय केलं?"

"माझ्या उरावर बसल्या."

हवालदाराचं पेन थांबलं असावं, कारण ती थोड्या वेळानं म्हणाली, "इझवायला हो. घोंगडी टाकून." मग दम खाऊन पुढं म्हणाली, "आन् हेबी लिवा. मी गुंड्यांचा मागितला व्हता. त्यांनी बिनगुंड्यांचा घेतला, आन् ढगळा. गुंड्यांचा असता तर मला काढता आला असता."

"हे लिहू?"

"लिवा की. खरं हाय."

त्यांनी लिहिलं, तिला वाचून दाखवलं. डाव्या हाताचा अंगठा घेतला. सही येत होती तिला, पण उजवा हात नव्हता. बाहेर येताना हवालदार माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, घरी जा आता." मी गेले नाही. त्या दिवशी विहिणीनं मला आत जाऊ दिलं.

खोलीत पाच खाटा होत्या, पाची भाजलेल्या बायकांच्या. खिडकीपाशी स्टो भडकलेली एक कॉलेजातली पोरगी. तिच्या शेजारी तीन लेकरांची एक, ती भिंतीकडं तोंड करून असायची आणि कोणाशी बोलायची नाही. एक वयानं मोठी, देवघरातल्या दिव्यानं पदर पेटलेली. एक ऊसतोडीवाली, तिचं राहायचं पाल जळालं होतं. आणि आमची सून. वास एवढा होता की पहिले दोन दिवस मला उलटी झाली.

 दात वाजत होते सुनेचे. भाजलेल्या माणसाला आग होत असेल असं मला वाटायचं. तिला थंडी वाजत होती. सगळ्यांनाच वाजत होती. ती ऊसतोडीवाली तर खाट हलेल एवढी कुडकुडायची. सिस्टर म्हणाली, कातडी गेली की अंगातली ऊब राहत नाही, आणि थंडीनं हिची ताकद जाते. जखमेवर दवाखान्याचंच घालायचं, पण डावी बाजू झाकायला काहीतरी आणा. सुती हवं, जाड पण मऊ, पुढून उघडणारं. लोकरीचं नको, तंतू जखमेला चिकटतात. नायलॉनचं तर नकोच. पाण्यात उकळलं तरी टिकलं पाहिजे.

मी विचारलं, नायलॉन कसं ओळखायचं?

ती दुसऱ्या खाटेकडं निघाली होती. जाता जाता म्हणाली, "जाळून बघा. गोळी झाली की नायलॉन."

हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी तडक बाहेर पडले, पॅसेंजर धरली आणि दौंडला उतरले. ती गोल चेहऱ्याची बाई तिथंच होती. मी ढिगातून एक स्वेटर उचलला, आतल्या शिवणीचा सुटलेला धागा तोडला आणि डाव्या हातानं काडी ओढून त्याला लावली. धागा पेटला, आकसला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. केसाचा वास नाही. मी दुसरा धागा तोडला.

"अरे माँजी, पागल हो गई क्या? दुकान जलाओगी?"

"हे मेंढराचं न्हाई," मी म्हणाले.

"किसने बोला भेड़ का?"

"तू बोललीस. ऊन बोललीस. लोकर बोललीस."

तिनं माझ्या हातातला स्वेटर काढून घेतला. मग जरा समजावल्यासारखं म्हणाली, "माँजी, इतने में भेड़ का कहाँ आएगा? सब इसी को ऊन बोलते हैं. आपके इधर भी इसको लोकर बोलते हैं. दुकान में पूछो."

मी विचारलं. स्टेशनच्या रस्त्यानं विणकामाचे गुंडे विकणाऱ्या दोन दुकानांत गेले. पाटीवर लोकर लिहिलेलं होतं. मी म्हणाले, लोकर दाखवा. गुंडा पुढं ठेवला. धागा जाळला, गोळी. दुसऱ्या दुकानात धागा, गोळी. दुकानदार म्हणाला, आजी, बाहेर जाऊन जाळा. लोकर हा शब्द आमच्या घरातला. मेंढरं विकली त्याबरोबर तो बाजारात गेला होता आणि कोणत्याही मऊ धाग्याला लागला होता. मला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण?

परत येऊन मी त्या बाईपुढं उभी राहिले. भांडायचं होतं. तिनं माझा पट्टी बांधलेला हात बघितला आणि विचारलं, क्या हुआ? मी सांगितलं, माझ्या हिंदीत.  तिनं स्वतः कापूस भरलेलं जाकीट घातलं होतं, सुती कापडाचं, ते मला तेव्हा दिसलं. मी ते बोटानं दाखवलं. ती म्हणाली, "ये घर का है. बेचने का नहीं." मग एक गिऱ्हाईक आलं, ती तिकडं वळली. मला तिच्यावर ओरडायला काही सापडलं नाही.

दौंडला सुती जाड असं काही मिळालं नाही. मी वस्तीवर गेले, तिथं बायका बोलायच्या थांबल्या, म्हणून नदी ओलांडून माहेरी गेले. भावानं चहा ठेवायला सांगितला. मी पाट सरकवला, उठले, अंगणात गेले, परत आले.

"बस की गं जरा," भाऊ म्हणाला. "भोवऱ्यावानी काय फिरतीस? देवाचं नाव घे."

"देवाकडं सुती स्वेटर असला तर सांग."

"शिरूरला बघ. बाजारपेठेत चाचांचं जुनं दुकान हाय, बंड्या-टोप्यांचं. तिथं सगळं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शिरूरला गेले. चाचा म्हातारे होते, दात पडलेले, दुकान छताच्या उंचीचं भरलेलं. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी एक काढलं. मी काडीपेटी काढली.

"मावशी, गिऱ्हाईक कापड हातानं बघतंय. काडीनं कवापासनं बघायला लागलं?"

"हात खोटा निघाला, चाचा."

खरं तर हात खोटा नव्हता निघाला. मी त्याचं ऐकलं नव्हतं. पण हे दुकानात कोण सांगत बसतं. चाचांनी स्वतःच धागा तोडून दिला. गोळी झाली. दुसरं काढलं, गोळी. तिसऱ्याला धागा अर्धा राख झाला, अर्ध्याची गोळी. चाचा म्हणाले, "मिश्र हाय." त्यांनाही आता त्यात रस वाटायला लागला. ते शिडीवर चढले. आठ-दहा तरी धागे आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून जाळले. बाजाराला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एकानं विचारलं, "काय जादूटोना हाय का चाचा?" चाचा म्हणाले, "व्हय, तुझा सदरा आन इकडं." तो पुढं गेला.

शेवटी वरच्या फळीवरून एक जुना माल निघाला. बाप्यांच्या मापाची, सुताची विणलेली जर्सी, पांढरट, आतून लव काढलेली, पुढून पूर्ण उघडणारी. रंग उडालेला. धागा जाळला तर कागद जळावा तसा जळाला आणि बोटात चोळल्यावर राख झाली. मी नाकाला लावली. सुताचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. अंगावर घेऊन बघितली. पहिल्यांदाच मी स्वतः घालून बघितलं. मग सुनेच्या मापाची नाही हे कळलं, तर चाचांनी आणखी शोधून बारकी काढली.

"कुनासाठी हाय?"

"सुनंसाठी. भाजलीय."

चाचांनी माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाले, "उजवी का डावी?" मी उजवी सांगितलं. त्यांनी कात्री घेऊन उजवी बाही खांद्यापासून कापली आणि काठ दुमडून मशीनवर शिवून दिला. मी एक आणखी घेतली. त्या ऊसतोडीवालीला भेटायला कोणी येत नव्हतं आणि तिचं कुडकुडणं मला बघवत नव्हतं. दया नव्हे ती. माझ्या डोक्याला त्रास होत होता.

सिस्टरनं दोन्ही उकळल्या, वाळवल्या आणि घालून दिल्या. विहीण बाजूला उभी होती. तिनं कापड बोटानं चोळलं आणि विचारलं, "हे काय हाय?"

"सूत."

"नक्की?"

मी काडीपेटी काढून तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही, पण कोपऱ्यातला स्टूल पायानं माझ्याकडं ढकलला. त्या दुपारी सुनेचे दात वाजायचे थांबले. ती झोपली. मी स्टुलावर बसले, तेही फार वेळ नाही.

जखमेत घाण शिरली ती शिरलीच. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला, चार दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. तिनं दोनदा आई म्हणून हाक मारली, ती मला नव्हती, पण विहीण पाणी आणायला गेली होती. मी ओ दिली. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि तिनं डोळे उघडून विचारलं, "त्यांचा डबा कोन करतंय?" मी म्हणाले, कॅन्टीनला खातोय. ती म्हणाली, "मग बरं हाय."

कॉलेजातली पोरगी आधीच गेली होती, दुसऱ्या आठवड्यात. तीन लेकरांची जी होती ती काही न बोलता गेली, तिचा जबाब कोणाला मिळाला नाही. पदर पेटलेली म्हातारी सगळ्यांत कमी भाजली होती, ती बरी होत आली आणि एका सकाळी उठलीच नाही. पाची जणींतल्या दोघी चालत बाहेर आल्या. एक ती ऊसतोडीवाली, आणि एक आमची सून.